डाव्या खांद्यासाठी

नांदेडला, जुन्या मोंढ्याच्या अलीकडं
इनायतुल्ला सेठच्या दुकानात
पंखा फिरतोय एवढंच, वारा येत नाही.
काचेवर तीन रायफली आडव्या.
माझ्या पर्समध्ये लायसन, चौदा महिन्यांनी हाती आलेलं.
चौकशीला घरी आलेला जमादार
चहा संपवून म्हणाला होता,
"बाईमाणसाला कामून लागती हो बंदूक?"
मी म्हणाले, खेळायला.
त्यानं आणखी एक कप मागितला.

प्रज्ञाशीला. वय पंधरा, वजन अडतीस किलो.
जिंतूरला आमच्या गच्चीवर उन्हाळाभर
मुसळाला वीट बांधून उभी राहायची,
समोर पाण्याच्या टाकीवर खडूचा ठिपका.
शेजारणी मला हळूच विचारायच्या,
नवस बोललाव का हो लेकराचा?
कोच म्हणाले, एअर रायफलीत हिचं आता भागत नाही.
पॉइंट टू टू बघा. जुनी बघा.
नवीचा भाव ऐकला तर तुम्हीच खाली बसाल.

पहिलीला पॉलिश इतकं, की सेठचा चष्मा दिसावा त्यात.
दुसऱ्या टोकाला पांढरा कागद धरून
मी नळीला डोळा लावला.
आत देवीचे व्रण असावेत तसे खड्डे.
कुणीतरी न पुसता ठेवलेली,
एक नाही, कितीतरी पावसाळे.
ठेवा म्हणाले.

दुसरी झेक. आत लख्ख.
आडव्या पाडलेल्या बारवेत डोकवावं
तशा वळत वळत जाणाऱ्या उजेडाच्या पायऱ्या.
मी तर तिथंच पैसे मोजायला निघाले होते.
पण शीलानं ती खांद्याला लावली,
डाव्या,
आणि बोल्ट राहिला पलीकडं.
दर गोळीला हात ओलांडायचा,
गाल उचलायचा, जमलेला श्वास सोडून द्यायचा.
सेठनं पाहिलं. "लेफ्टी है क्या छोरी?"
तिनं हात मागं घेतला.
पहिलीत या हातावर पट्टी बसलेली आहे,
पंगतीत अजून कुणी ना कुणी टोकतंच.

"तो फिर वो देखो."

तिसरी विलायतेची, सेठहून वयानं मोठी.
तिला बोल्टच नाही. मुठीखाली एक कळ,
ओढली की आतला ठोकळा खाली बसतो,
गोळी सरकवायची, कळ वर,
झालं.
उजवं-डावं तिला कुणी शिकवलेलंच नाही.
वजन पायलीभर ज्वारीचं, वर उलीसं.
दस्त्याच्या शेवटाला मात्र तीन काळ्या रेघा,
जसं लाकूड कुणी कापलं आणि परत चिकटवलं.

मी म्हणाले, मोडलेली आहे ही. भाव करा.

सेठ हसला नाही.
"आपा के वास्ते अब्बा ने काटे थे.
हात छोटे थे उसके.
जैसी जैसी बढ़ी, वैसा एक एक टुकड़ा जोड़ते गए."
मग खालचा ड्रॉवर कुरकुरला,
जुन्या पावत्या, सुतळी, तेलाची कुपी,
आणि बोटभर जाडीची अक्रोडाची एक चकती.
"ये चौथा. इसकी बारीच नइ आई."

आपा बीदरला असतात. नातवंडं आहेत.
याच्यापुढं मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

शीलानं रायफल डाव्या गालाशी घेतली,
भिंतीवरल्या कॅलेंडरच्या एका तारखेवर थांबली
आणि किती तरी वेळ तिथंच राहिली.
रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते.
नळीचं टोक हललं नाही.

नंबर मी दोनदा ताडून पाहिला,
रजिस्टरात सही केली, सेठच्या शाईच्या पेनानं.
चकतीचे पैसे त्यानं लावले नाहीत,
शर्टाला पुसून माझ्या पर्समध्ये टाकली, लायसनच्या शेजारी.
म्हणाला, पुढच्या साली हिची बाही मोजा.

परतीच्या एसटीत लांब पेटी दोघींच्या मांडीवर.
वसमत गेल्यावर कंडक्टरनं विचारलं,
तंबोरा हाय का ताई?
शीला खिडकीबाहेर बघत म्हणाली,
हाव. डाव्या हाताचा.